पुन्हा रुजू

प्रश्न थोडक्यात असा. इंदिरानगरच्या एक ताई, वय ४७, दिवसभर खुर्चीतलं काम, रक्तदाबाची एक गोळी चालू. जानेवारीत जॉगिंग ट्रॅकवर चालायला लागल्या, तीन आठवड्यांत बंद पडलं. मेच्या अखेरीस पुन्हा सुरू केलं, तेही तीन आठवडेच. ऑगस्टच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा, या वेळी महिनाभर टिकलं, आणि गणपतीच्या गडबडीत सुटलं ते सुटलंच. त्याला आज अकरा दिवस झाले. त्या लिहितात, ‘सगळे सांगतात की छोट्या छोट्या यशाचा आनंद साजरा करा. पंधरा मिनिटं चालण्यात साजरं करण्यासारखं काय आहे? घरी बोलले तर मिस्टर म्हणाले, आता ऑलिम्पिकला जाणार का? तरी आम्ही साजरं करून पाहिलं, दर रविवारी मिसळ खाल्ली, तर महिन्यात वजन एक किलोने वाढलं. मग हे साजरं करायचं तरी कसं?’

ताई, तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत. त्या तारखांमध्ये एक गोष्ट दडलेली आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तिच्याकडे येतेच मी. आधी मिसळीचा निकाल लावू, कारण नाशिकमध्ये राहून मिसळीला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

मिसळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही. मी खाते, आणि तर्री दुसऱ्यांदा मागून घेते. हिशेबच करायचा तर पंधरा मिनिटं बऱ्यापैकी झपझप चाललं की साठ-सत्तर कॅलरी खर्च होतात, आणि फरसाण, तर्री, पाव, दही, पापड मिळून समोरच्या ताटात त्याच्या कितीतरी पट येतात. व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे खरं. पण माझी तक्रार कॅलरींची नाही. तक्रार ही आहे की तुम्ही चाललात मंगळवारी आणि शाबासकी मिळाली रविवारी. मन असं पासबुक भरत बसत नाही. रविवारी सकाळी त्याला एवढंच कळतं की मिसळ छान होती. मंगळवारी पहाटे पांघरूण बाजूला सारलं होतं, त्याच्याशी ते या मिसळीचा धागा जोडत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ‘एवढं चाललो, आता मिसळ तर हवीच’ असं एकदा म्हटलं की चालणं झाली मजुरी आणि मिसळ झाली रोजी. अमेरिकेत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक जुना प्रयोग आहे. बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. ते त्यांना मिळालंही. पण नंतर मोकळ्या वेळेत ही मुलं बाकीच्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. गंमत म्हणजे ज्यांना काहीही कबूल न करता अचानक बक्षीस दिलं होतं, त्यांची हौस कमी झाली नाही. म्हणजे बोच बक्षिसाची नाही, आधी ठरवलेल्या सौद्याची आहे. तेव्हा रविवारी मिसळ खा, मनसोक्त खा, पण मिसळ म्हणून खा. चालण्याच्या खात्यावर ती मांडू नका.

आता साजरं करायचं काय, याबद्दल. मी बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मी यात साफ चुकत होते. दर सोमवारी येणाऱ्या प्रत्येकाचं वजन करायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचं, ही माझी पद्धत. कमी झालं की टाळ्या. एक शिक्षिका गुडघ्यासाठी यायच्या. पाच आठवडे एकही दिवस खाडा नाही. सहाव्या सोमवारी काटा चारशे ग्रॅम वर गेला. आदल्या दिवशी त्यांच्या भाच्याची मुंज होती. जेवण, मीठ, पाणी एवढ्यानेच काटा तेवढा सरकतो हे मला माहीत होतं. मी तोंडाने ‘काही नाही हो’ म्हटलं आणि हाताने तो आकडा लाल पेनने लिहिला. त्या लाल आकड्याकडे बघत त्यांनी पर्स उचलली, ती हालचाल मला अजून आठवते. त्या परत आल्या नाहीत. तोवर त्या शाळेचा जिना कठड्याला हात न लावता चढायला लागल्या होत्या, आणि माझ्या तक्त्यावर त्याला रकानाच नव्हता. वजनकाटा अजून माझ्याकडे आहे, पण पडद्यामागे.

तेव्हापासून मी साजरं करायला दोनच प्रकारच्या गोष्टी देते. एक, जी पूर्णपणे तुमच्या हातात आहे ती. बूट घातले, दाराबाहेर पडलात. पाऊस, काटा, गुडघा, बॉस, यातलं कुणीही ती तुमच्याकडून हिरावून घेऊ शकत नाही. आणि दोन, शरीरात जे लवकर बदलतं ते. इथे लोकांचा क्रमच उलटा असतो. पोटाचा घेर, वजन, साखरेचा अहवाल या उशिराच्या गोष्टी. एचबीए१सी तर आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, तिला तीन आठवड्यांत जाब विचारून काय मिळणार? पहिल्या काही आठवड्यांत स्नायू वाढलेले नसतात, पण मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात. म्हणून आरशात काही दिसत नाही आणि तरी खालच्या फळीवरचा तांदळाचा डबा उचलताना तोंडातून ‘आई गं’ निघत नाही. दुपारी पेंग येत नाही. रात्री लवकर डोळा लागतो. ट्रॅकवर मैत्रिणीशी बोलताना वाक्य मध्येच तुटत नाही. हे सगळं घडत असतं, आपण मात्र काट्यापाशी उभे.

तुम्ही म्हणता, पंधरा मिनिटांत काय आहे? पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ७५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा. म्हणजे १५०च्या निम्म्या वाटेवर तुम्ही ऑगस्टमध्ये पोचला होतात आणि तुम्हाला ते काहीच वाटलं नाही. याच संघटनेने २०२० मध्ये आधीची एक अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची असा दंडक होता. आता किती का थोडं असेना, धरायचं. दहा हजार पावलांचा धाकही असाच मनावरून उतरवा. टोकियो ऑलिम्पिकच्या पाठोपाठ, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असा होता. आकडा तिथून निघाला आणि तुमच्या मनगटावरच्या घड्याळात येऊन बसला.

ऑलिम्पिकवरून आठवलं, मिस्टरांना एक गोष्ट जरूर सांगा. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. आता त्या शर्यतीचा रस्ता कसा आखलेला असतो बघा. पन्नासच्या आसपास टाइम स्टेशनं असतात. प्रत्येक ठिकाणी पोचल्याची वेळ कळवायची आणि पुढच्या स्टेशनाकडे निघायचं. म्हणजे इतकी कसलेली माणसंसुद्धा अख्खी अमेरिका एका घासात गिळायला जात नाहीत. तुमचं टाइम स्टेशन ट्रॅकच्या कोपऱ्यावरच्या बाकापाशी असलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

ही पोचल्याची नोंद कशी करायची? माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची रीत मला सगळ्यात आवडते, ती जशीच्या तशी सांगते. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं आणि त्याच खिळ्याला रबरबँडने अडकवलेलं मरून टिकल्यांचं पाकीट. त्या पहाटे चालून आल्या की बूट काढायच्या आधी त्या चौकोनात एक टिकली लावायच्या. बूट काढायच्या आधी, हे महत्त्वाचं. मग देवघरातली घंटी एकदा वाजवायची. फक्त एकदा, पूजेची नव्हे. घरातले अजून झोपेत असायचे आणि त्या आवाजाने सगळ्यांना कळायचं, आजी आल्या. पुढे पुढे नातू अंथरुणातूनच ओरडायचा, ‘लावली का टिकली?’ महिनाअखेरीस ते पान एकादशी, संकष्टी, दूध किती लिटर आणि मधे मधे मरून ठिपके असं दिसायचं. त्यांनी मला ते पान दवाखान्यात आणून दाखवलं होतं, गुंडाळी करून, शाळेतल्या मुलाने चित्र आणावं तसं.

या रीतीत तीन गोष्टी नकळत बरोबर साधल्यात. आनंद तिथल्या तिथे, चालण्याला चिकटून. तो खर्चाचा नाही, खाण्याचाही नाही. आणि तो डोळ्यांना दिसतो. मोबाइलमधलं ॲपही मोजतं, नाही असं नाही, पण ॲप उघडावं लागतं. भिंतीवरची टिकली भाजी चिरतानाही दिसते. तुम्हाला घंटी वाजवायला संकोच वाटत असेल तर दाराला किल्ली लावताना ‘झालं!’ असं मोठ्याने म्हणा. पहिले आठ दिवस वेड्यासारखं वाटेल. शेजारी विचारतील. विचारू देत.

एक छोटी युक्तीही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाड्या धुणाऱ्या एका दुकानाने गिऱ्हाइकांना कार्डं दिली होती. निम्म्यांना आठ शिक्क्यांचं कार्ड, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन शिक्के आधीच मारलेले. धुलाया दोघांनाही आठच करायच्या होत्या. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दोन शिक्केवालं ३४ टक्क्यांनी. माणसाला कोऱ्या पाटीचं भय वाटतं. म्हणून नवं कॅलेंडर, नवी वही, नवा महिना, ‘एक तारखेपासून’ हे सगळं तुम्ही बंद करा. ऑगस्टचं पान उलटून मागे जा आणि त्या महिन्यात जितके दिवस चाललात तितक्या टिकल्या आज बसून लावा. आठवतील तेवढ्या. ते दिवस कुठे गेलेले नाहीत.

आणि किमान दिवस ठरवून ठेवा. ज्या दिवशी पाऊस कोसळतोय, पाहुणे आहेत, डोकं दुखतंय, त्या दिवशी टिकली कशाने मिळेल ते आजच ठरवायचं, त्या दिवशी नाही. मी बहुतेकांना ओट्यापाशी उभं करते. सकाळी चहाचं आधण ठेवलं की दोन्ही हात ओट्यावर टेकायचे आणि टाचा उचलायच्या, हळू वर, हळू खाली, वीस वेळा. मग स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन हात न लावता दहा वेळा उठायचं-बसायचं. तेवढ्यात चहा उकळतो. टिकली लावायची, पूर्ण टिकली, अर्धी नव्हे. याला काही जण ‘चीटिंग’ म्हणतात. म्हणू द्या. ज्या दिवशी काहीच झालं नसतं त्या दिवशी काहीतरी झालं, आणि सवय त्या वेळेला त्या जागी हजर राहिली. आधण रोज ठेवलं जातं, म्हणून त्याच्या शेपटीला बांधलेली गोष्टही रोज होते.

घरच्यांबद्दल थोडं. मिस्टर वाईट बोलले असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कौतुक करायची रीतच थट्टेची आहे. पण त्यांना काय करायचं ते नेमकं सांगा, नाहीतर ते एकतर थट्टा करतील किंवा सल्ला देतील, आणि सल्ला जास्त त्रासदायक. त्यांना एकच काम द्या. रात्री झोपताना कॅलेंडरकडे बघून ‘आज लागली का?’ एवढंच विचारायचं. ‘का नाही लागली’ हे विचारायची परवानगी नाही. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. चालून आल्यावर टाका, हौस असेल तर. ‘उद्यापासून सुरू करतेय’ असं मात्र आधी टाकू नका. पन्नास अंगठे मिळतात, मन तिथेच तृप्त होतं आणि सकाळी गजर बंद होतो. हे शास्त्र म्हणून नाही, माझ्याकडची माणसं बघून सांगतेय.

आता तुमच्या तारखांकडे येते. मला खरं बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे खांद्यासाठी आले होते. साखर होती, चालायला सांगितलेलं होतं. खिशात छोटी डायरी. तीस वर्षं हजेरीपटावर गेलेली, त्यामुळे डायरीतही भाषा तीच. चालले की ‘हजर’. नाही चालले की ‘गैरहजर’, कारणासकट: ‘बहिणीकडे चांदवडला’, ‘ताप’, ‘कंटाळा’. हो, कंटाळा असंही लिहायचे. आणि खाड्यानंतर ज्या दिवशी परत ट्रॅकवर गेले, तिथे ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून, ‘पुन्हा रुजू’. वर्ष संपल्यावर त्यांनी मला डायरी दाखवली आणि म्हणाले, ‘मॅडम, चौदा वेळा रुजू झालोय.’ हजर किती दिवस ते त्यांनी मोजलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, हा माणूस मला शिकवून गेला. सगळं जग खाडा मोजतं, याने परतणं मोजलं.

आता तुमचा हजेरीपट मी त्यांच्या पद्धतीने वाचते. जानेवारीनंतरचा खाडा चार महिन्यांचा. जूननंतरचा सहा-सात आठवड्यांचा. आणि आत्ताचा अकरा दिवसांचा, तोही अजून संपलेला नाही पण अकराव्या दिवशी तुम्ही बसून हा प्रश्न लिहिलात. चार महिने, दीड महिना, अकरा दिवस. ताई, हे तीनदा सोडणं नाही. परतायला लागणारा वेळ इतका झरझर कमी झालेला मी फार लोकांत पाहिलेला नाही. मला एकच यश साजरं करायला सांगितलं तर मी हे करेन, आणि तुम्ही ते प्रश्नात अपयश म्हणून लिहिलं आहे.

एकवीस दिवसांत सवय लागते हे तुम्ही ऐकलं असणार, आणि तीन आठवड्यांवर दोनदा मोडल्यामुळे ते जास्तच लागलं असणार. तो आकडा १९६०च्या सुमाराचा. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहून ठेवलं होतं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस जातात. नाकाच्या शस्त्रक्रियेचा आकडा आपण पहाटेच्या चालण्याला चिकटवला. लंडनमध्ये पुढे ९६ जणांवर नीट अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ वर गेला. व्यायामाच्या सवयीला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जवळपास दीडपट वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्याने म्हणण्यासारखा काही फरक पडला नाही. एक दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. ‘आता मोडलंच आहे तर जाऊ दे’ या विचाराने मोडते. त्या विचारावर मला तरी एकच औषध सापडलंय, ते म्हणजे परतीच्या दिवसाला सगळ्यात मोठा मान देणं. आजींची टिकली आणि काकांचं ‘रुजू’ मी एकत्र करून आता सगळ्यांना सांगते: खाड्यानंतरच्या पहिल्या दिवशी हिरवी टिकली. त्या दिवशी पाच मिनिटंच चाला, मुद्दाम कमी चाला. बुडालेलं भरून काढायला म्हणून कुणी पहिल्याच दिवशी तासभर चालतं, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि हिरव्या टिकलीच्या मागोमाग पुन्हा आठ दिवस कोरे.

भरून काढण्यावरून एक राहवत नाही म्हणून सांगते. नवरात्रात नाशिकहून वणीच्या गडाला चालत जाणारी मंडळी दसऱ्यानंतर टाचा आणि गुडघे घेऊन माझ्याकडे येतात. साठेक किलोमीटर चालून आलेली असतात. आणि उरलेलं वर्ष कोपऱ्यावरून दूध आणायलाही ॲक्टिव्हा काढतात. सप्तशृंगीला माझाही नमस्कार आहे, पण देवी काय रोज पंधरा मिनिटं चालू नका म्हणाली?

पुढचे खाडे ठरलेलेच आहेत, नवरात्र, दिवाळी, मग थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की ट्रॅक निम्मा रिकामा होतो. हे आत्ताच धरून चाला. थंडीत पहाटे साडेपाचची जिद्द धरू नका, ऊन आल्यावर किंवा संध्याकाळी जा. रक्तदाबाच्या माणसाने कडाक्याच्या थंडीत अंग गरम न करता एकदम झपाटा लावूच नये.

मोठं काही साजरं करायचं असेल तर पांडवलेणीला जा. खाली पार्किंगपासून वर लेण्यांपर्यंत पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत, आणि आपल्याला एकूण पायऱ्यांशी काही देणंघेणं नाही. तुम्ही पहिल्यांदा दम घ्यायला कितव्या पायरीवर थांबलात, एवढंच मोजायचं. समजा साठाव्या. मोबाइलमध्ये लिहून ठेवा. महिन्याने परत जा. माझ्या एका पेशंटचा आकडा पहिल्या खेपेला ४२ होता, तिसऱ्या खेपेला १२०च्या पुढे गेला, आणि या काळात वजन जेमतेम दीड किलो उतरलं होतं. त्या वर पोचल्यावर तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत जाऊन बसल्या, तिथे दगड गार असतो, आणि मला फोन करून नुसता आकडा सांगितला. हॅलो नाही, काही नाही. ‘एकशे बावीस.’ असं यश दुसऱ्या कुणाशी ताडून बघता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. शेजारून कॉलेजची पोरं धावत वर जातील. जाऊ देत, त्यांचा आकडा निराळा.

घरच्या घरी असंच दुसरं माप म्हणजे अर्ध्या मिनिटात हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता. आज मोजा, महिन्याने मोजा. तिसरं, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी. ती काही आठवड्या-महिन्यांनी थोडी उतरते, पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही उतरते, म्हणून तुमच्यासाठी पायऱ्या आणि खुर्ची बरी.

खबरदारी दोन ओळींत. चालताना छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, गरगरणं, किंवा थांबल्यावरही न बसणारा दम, यातलं काहीही झालं तर टिकली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या-मांड्या दुखतील, ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. सांध्याला सूज आली किंवा दुखणं एकाच बोटाने दाखवता येत असेल तर ते यातलं नव्हे.

बुटांचं विचारलं नाहीत, पण बहुतेक जण पहिल्याच दिवशी महागडे बूट घेतात आणि ते पुढे चपलांच्या रॅकमध्ये अपराधासारखे पडून राहतात. टाचदुखी नसेल तर आहेत त्या जुन्या बुटांवर सुरू करा आणि पंचवीस टिकल्या झाल्यावर जाऊन घ्या, सांगून-सवरून नव्हे, सहज. हे बक्षीस मला चालतं, कारण ते पुन्हा चालायलाच लावतं. एका ताईंनी पंचवीस टिकल्या झाल्यावर रविवारच्या सकाळचा स्वयंपाक घरच्यांवर सोपवला आणि त्या वेळात सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन आल्या. त्या दिवशी घरी काय शिजलं होतं ते त्यांनी मला सांगितलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

तर उद्या सकाळी ट्रॅकवर पाच मिनिटं, आणि कॅलेंडरवर हिरवी टिकली. पांडवलेणीला जाल तेव्हा शक्यतो रविवार टाळा. गर्दी असते, कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि पायऱ्यांचा आकडा चुकतो.